जुन्या जीपचं डिफरन्शियल साधं की लिमिटेड-स्लिप? विकत घेण्याआधी स्वतः तपासा

मृगाचा पाऊस झाला की आसेगावच्या शिवारातली काळी माती चाकांना चिकटायला लागते. मंगरूळपीर तालुक्यातल्या या भागात पावसाळ्यात पांदणीने वावरापर्यंत पोचायचं तर ट्रॅक्टर, बैलगाडी किंवा जुनी जीप हेच पर्याय उरतात. म्हणून जुन्या जीपचा सौदा ठरत असताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मागची दोन्ही चाकं मारते, लॉकवाली आहे.’ या वाक्यावर किंमत वाढते. ते खरं असेल तर वाढीव किंमत वाजवीही असते. पण त्याची शहानिशा न करता पैसे मोजणारेच जास्त.

ही शहानिशा गावातच होऊ शकते. त्यासाठी जॅक, दोन मजबूत घोड्या, चाकांमागे लावायला लाकडी ठोकळे, लांब टॉमी, लोखंडी पट्टी, एक वजनकाटा, खडू आणि एक मदतनीस एवढं पुरतं. या लेखात ती तपासणी क्रमाने दिली आहे. जीप समोर ठेवून लिहिलं असलं तरी मागच्या चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही जुन्या गाडीला हीच पद्धत लागू पडते.

डिफरन्शियल नेमकं काय करतं?

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. जुन्या सीजे-३बी जीपच्या मागच्या दोन चाकांत साधारण सव्वा मीटर अंतर असतं. तिने एक पूर्ण गोल फेरा मारला तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेसात मीटरांहून जास्त चालतं. फेरा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की बांधली तर हा फरक टायर घासून भरून काढावा लागेल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने १८२७ मध्ये आपल्या वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियल योजलं, ते हीच अडचण सोडवण्यासाठी.

इंजिनाचा जोर घेणाऱ्या मोठ्या दातेरी चाकासोबत, म्हणजे क्राऊनसोबत, फिरणाऱ्या पिंजऱ्यात छोटे स्टार-गिअर असतात आणि त्यांच्या दोन बाजूंना एक्सलला जोडलेले साइड-गिअर. वळणावर स्टार-गिअर स्वतःभोवती फिरतात, त्यामुळे एक चाक हळू आणि दुसरं भरभर चालू शकतं. साध्या डिफरन्शियलचा एक गुणधर्म मात्र लक्षात ठेवायला हवा. ते दोन्ही चाकांना नेहमी जवळपास सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात असेल आणि त्याला फिरायला अगदी थोडाच जोर लागत असेल, तर कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. मग चिखलातलं चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यावरचा एक उपाय ठाऊक असतो. पायाजवळचा डिफरन्शियल लॉक दाबला की मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात, आणि वळण्याआधी पाय काढावा लागतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एलएसडी, हे काम अंशतः आणि आपोआप करतं. त्याच्या आत घर्षणाच्या चकत्या, शंकू किंवा खास आकाराचे गिअर असतात. एक चाक निसटून फिरायला लागलं की हे घर्षण दुसऱ्या चाकाला जास्तीचा जोर पोचवतं. चाकं पूर्ण जखडली जात नाहीत, म्हणून रस्त्यावर वळतानाही ते चालतं.

आधी गाडीचा काळ बघा

घोड्या लावण्याआधी एक प्रश्न विचारा: या गाडीत एलएसडी असणं मुळात शक्य आहे का?

पाश्चात्त्य देशांतही सर्वसामान्य मोटारींत ही सोय उशिरा आली. जर्मनीत झेडएफ कंपनीने १९३० च्या दशकात ती शर्यतीच्या गाड्यांसाठी आणली. अमेरिकेत पॅकार्डने १९५६ मध्ये ‘ट्विन ट्रॅक्शन’ या नावाने प्रवासी मोटारीत दिली. पुढच्याच वर्षी शेवरलेची ‘पॉझिट्रॅक्शन’ आली आणि मागोमाग क्रायस्लरची ‘शुअर-ग्रिप’. जीप आणि जॅग्वार यांच्या एक्सलमध्ये बसलं ते डाना कंपनीच्या रचनेचं ‘पॉवर-लॉक’.

या तारखा महाराष्ट्रातल्या मोटारींच्या इतिहासाशी ताडून पाहा. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी-कारखाना होता. तो १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला, म्हणजे पॉझिट्रॅक्शन बाजारात येण्याच्या तीन वर्षं आधी. शिवडीत जुळलेल्या शेवरलेत ‘मूळची पॉझिट्रॅक्शन’ असल्याचा दावा कोणी केला तर तो तारखांवरच खोटा ठरतो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लायमाउथ जुळवल्या, पण त्यातल्या १९५० च्या आधीच्या आणि आसपासच्या गाड्यांनाही हाच न्याय लागतो. पुढे फियाटवर आधारलेल्या पद्मिनीत आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या अॅम्बेसेडरमध्ये कारखान्यातून साधंच डिफरन्शियल येत असे.

जीपची गोष्ट जरा वेगळी आहे. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्यातून सीजे-३बी आली आणि पुढे एमएम ५४० सारख्या गाड्या. अमेरिकेत जीपला मागच्या एक्सलमध्ये पॉवर-लॉक मागणीनुसार मिळत असे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप साध्या डिफरन्शियलच्याच आहेत, आणि तपासणीला बसताना हेच गृहीत धरावं. पण जीप ही पिढ्यान्‌पिढ्या हात बदललेली गाडी आहे. लष्कराच्या लिलावातली डिस्पोजल जीप असो की बाजारातून आणलेली, तिचा मागचा एक्सल मूळचाच असेल याची खात्री देता येत नाही. २०१५ पासून थारच्या डिझेल सीआरडीई मॉडेलमध्ये मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आलं. अशा नव्या गाडीचा एक्सल जुन्या जीपखाली आलेला असू शकतो. म्हणून काळ बघून फक्त अंदाज बांधा, निर्णय घेऊ नका.

कागद आणि पाट्या काय सांगतात?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे इथल्या जुन्या गाडीवर एमएच-३० हा अकोल्याचा क्रमांक असेल तर ती या भागातली जुनी नोंदणी असू शकते, आणि एमएच-३७ असेल तर नोंदणी नंतरची. यावरून डिफरन्शियल कळत नाही, पण गाडीच्या प्रवासाचा माग लागतो. नोंदणीच्या पुस्तकातलं उत्पादनाचं वर्ष आणि मॉडेल टिपून घ्या. विकणाऱ्याकडे एक्सल बदलल्याची पावती असेल तर तीही मागा.

मग गाडीखाली जा. मागच्या एक्सलच्या हाउसिंगवरची माती आणि जुनं तेल तारेच्या ब्रशने व रॉकेलने साफ करा. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली छोटी धातूची पाटी दिसली तर तिचा आधी फोटो घ्या. तिच्यावर क्राऊन-पिनियनच्या दातांची संख्या किंवा त्यांचं प्रमाण ठोकलेलं असतं. एलएसडी असलेल्या कित्येक एक्सलवर ‘फक्त लिमिटेड-स्लिपचं तेल वापरा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना असलेली वेगळी पाटी असते. परदेशी गाड्यांच्या खुणा याहून स्पष्ट असतात. फोर्डच्या पाटीवर प्रमाणाच्या आकड्यांमध्ये इंग्रजी ‘एल’ असेल, म्हणजे ‘३ एल ५५’ असं लिहिलेलं असेल, तर ते लिमिटेड-स्लिप. बीएमडब्ल्यूच्या पाटीवर प्रमाणाआधी इंग्रजी ‘एस’ असेल तर तेही तसंच.

पाटी सापडली म्हणून तपास संपवू नका. झाकण एका एक्सलवरून दुसऱ्यावर बसतं, आणि त्यासोबत पाटीही जाते. पाटी नाही म्हणून एलएसडी नाही असंही नव्हे. इतक्या वर्षांत ती गंजून पडलेलीच असते.

चाक उचलण्याआधी सुरक्षितता

जुन्या जीपच्या बाबतीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सीजे-३बी सारख्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. साध्या डिफरन्शियलच्या जीपचं मागचं एकच चाक जॅकवर उचललं की हा हँडब्रेक निरुपयोगी होतो. प्रॉपेलर जखडलेला असला तरी जमिनीवरचं चाक एका दिशेने आणि हवेतलं चाक उलट दिशेने फिरू शकतं, आणि गाडी जॅकवरून घरंगळते. गाडी गिअरमध्ये ठेवल्याने यात काही फरक पडत नाही. म्हणून पंक्चर काढायचं असो वा तपासणी करायची असो, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नका.

दुसरा धोका याच्या अगदी उलट आहे. एलएसडी असलेल्या गाडीचं एक चाक हवेत ठेवून इंजिन सुरू करून गिअर टाकला, तर जमिनीवरच्या चाकालाही जोर मिळतो आणि गाडी जॅक सोडून उडी घेते. ही संपूर्ण तपासणी इंजिन बंद ठेवून, चावी खिशात ठेवून हातानेच करायची आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. जागा सपाट आणि कडक हवी. ओल्या काळ्या मातीत घोडी खचते, तेव्हा सिमेंटचा ओटा किंवा पक्का रस्ताच निवडा.

चाक फिरवून तपासणी

१. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. जीप असेल तर ट्रान्सफरचा दांडा टू-व्हीलवर ठेवा, म्हणजे पुढचा एक्सल सुटा राहील.

२. मागचा एक्सल उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावा. दोन्ही चाकं जमिनीपासून मोकळी हवीत.

३. गिअर न्यूट्रलला आणा आणि हँडब्रेक सोडा. दोन्ही टायरांवर खडूने खूण करा.

४. दोन्ही चाकं एकेक करून हलकेच फिरवून पाहा. ब्रेक घासत असेल तर तो आधी मोकळा करा. घासणारा ब्रेक ही तपासणी हमखास चुकवतो.

५. आता एक चाक हळूहळू फिरवा. दुसरं चाक कुठल्या दिशेने जातं हे मदतनीसाला बघू द्या.

दुसरं चाक उलट फिरलं तर डिफरन्शियल बहुधा साधं. त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी, लॉक किंवा वेल्ड केलेलं असण्याची शक्यता आहे. फक्त शक्यता म्हणायचं कारण असं की जाड, थंड तेलामुळे किंवा स्टार-गिअर जाम असल्यामुळे साध्या डिफरन्शियलमध्येही चाक कधी कधी त्याच दिशेने जातं. म्हणून पुढची पायरी टाळू नका.

६. आता प्रॉपेलर जखडा. जीपमध्ये हँडब्रेक ओढला की हे काम होतं. तिचा हँडब्रेक प्रॉपेलरवर असल्याचा इथे फायदाच होतो. अॅम्बेसेडरचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, त्यामुळे तो सोडलेलाच ठेवा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये घाला.

७. एक चाक पुन्हा फिरवून पाहा.

साधं डिफरन्शियल असेल तर चाक सहज फिरेल आणि दुसरं तेवढंच उलट फिरेल. चकत्यांचं एलएसडी असेल तर हाताने चाक जवळपास हलणार नाही, पण लांब टॉमीचा जोर दिला की घट्ट, एकसारख्या विरोधाने सरकेल. वेल्ड केलेलं असेल तर दातांमधला थोडा प्ले संपला की चाक अजिबात सरकणार नाही, कितीही जोर लावा. वेल्ड केलेली जीप चिखलात ओढते खरी, पण पक्क्या रस्त्यावर वळताना टायर किंचाळतात आणि एक्सलवर ताण येऊन तो तुटू शकतो. तिला एलएसडीची किंमत देऊ नका.

ही तपासणी कुठे फसते?

चकत्या झिजलेलं एलएसडी साध्यासारखंच वागतं. साठ वर्षांच्या गाडीत तसं असण्याची शक्यता मोठी आहे. टॉर्सेन प्रकारचं एलएसडी केवळ गिअरांच्या घर्षणावर चालतं. त्याची कल्पना व्हर्नन ग्लीझमनने १९५८ मध्ये पेटंट केली. दोन्ही चाकं हवेत असताना तेही साध्यासारखंच भासू शकतं. थारमधलं आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल तर दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की मगच लॉक होतं. हाताने इतक्या वेगाने चाक फिरत नाही, म्हणून ते साधंच वाटतं.

थोडक्यात, घट्ट विरोध जाणवला तर तो भक्कम पुरावा आहे. विरोध जाणवला नाही तर एवढंच कळतं की ‘चालू स्थितीतलं चकत्यांचं एलएसडी यात नाही’. पण खरेदीदाराला बहुतेक वेळा हवं असतं ते एवढंच उत्तर.

घर्षण किती उरलं आहे, ते मोजा

एलएसडी असल्याचं दिसलं तर त्याची ताकद मोजता येते. मागचं एकच चाक उचला आणि घोडी लावा. जमिनीवरच्या तिन्ही चाकांना ठोकळे लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक काढून दोन स्टडवर एक मजबूत लोखंडी पट्टी नटांनी पक्की करा. हबच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर पट्टीला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा. पट्टी आडवी धरून काटा सरळ वर ओढा आणि चाक सरकताना आकडा वाचा. पट्टीचं स्वतःचं वजन निकाल बिघडवू नये म्हणून ती बसवण्याआधीच तिचं हबकडचं टोक टेकवून आणि दुसरं टोक काट्याने उचलून आकडा टिपून ठेवा, आणि तो त्यातून वजा करा.

जीपच्या ‘ट्रॅक-लॉक’ या डाना एलएसडीसाठी कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकात किमान ४१ आणि कमाल २७१ न्यूटन-मीटर अशी मर्यादा दिली आहे. एक मीटरच्या पट्टीवर याचा अर्थ सुमारे ४ किलोपासून २७ किलोपर्यंत. चार किलोच्या आत चाक सरकलं तर चकत्या संपल्या आहेत. वेगळ्या बनावटीच्या एलएसडीचे आकडे वेगळे असतात, पण दोन-अडीच किलोत सरकणाऱ्या एलएसडीचे जादा पैसे कोणीही देऊ नयेत.

प्रमाण मोजताना होणारी गफलत

सुटे भाग मागवण्यासाठी क्राऊन-पिनियनचं प्रमाण मोजायचं असतं तेव्हा इथेच बरेच जण चुकतात. विलिज सीजे-३बी चं मूळ प्रमाण ५.३८ होतं, म्हणजे क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात. एक चाक जमिनीवर आणि दुसरं हवेत असताना चाकाचा एक फेरा दिला तर क्राऊन अर्धाच फेरा घेतो आणि प्रॉपेलर फक्त २.६९ वेळा फिरतो. ते आकडे तसेच धरले तर चुकीचा क्राऊन-पिनियन मागवला जाईल. अशा स्थितीत चाकाचे दोन फेरे द्या आणि प्रॉपेलरचे फेरे मोजा. दोन्ही चाकं हवेत असून बरोबरीने एकाच दिशेने फिरत असतील तर एकच फेरा पुरे. दहा-वीस फेरे मोजून भागाकार केला तर चूक आणखी कमी होते.

झाकण उघडून खात्री

शेवटचा शब्द हाउसिंगच्या आतला. डाना ४४ जातीच्या एक्सलला मागे दहा बोल्टचं झाकण असतं. खाली पसरट भांडं ठेवा, झाकण सैल करून तेल निथळू द्या आणि मगच झाकण काढा. आधीच मेकॅनिककडून नवं गॅस्केट आणून ठेवा, आणि हे काम करण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्या.

आत टॉर्च टाकून पिंजऱ्याच्या खिडकीतून बघा. साध्या डिफरन्शियलमध्ये एकच आडवी पिन, तिच्यावर दोन स्टार-गिअर आणि दोन बाजूंना साइड-गिअर एवढंच दिसतं. पॉवर-लॉकचा पिंजरा जाड असून तो दोन भागांत असतो आणि बोल्टनी जोडलेला असतो. आत चार स्टार-गिअर आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन पिना असतात. साइड-गिअरच्या मागे पातळ पोलादी चकत्यांचा थर दिसतो. शेवरलेच्या नंतरच्या ईटन पॉझिट्रॅक्शनमध्ये खिडकीच्या मधोमध दोन पट्ट्यांत दाबून बसवलेल्या स्प्रिंगा दिसतात. स्टार-गिअरवर वेल्डिंगचे थेंब दिसले तर काही विचारायची गरज उरत नाही. झाकण उघडलंच आहे तर तळातला गाळही बघा. बारीक राखाडी लगदा चालतो, धातूचे तुकडे चालत नाहीत.

अॅम्बेसेडरचा एक्सल मात्र बॅन्जो पद्धतीचा आहे. त्यातलं डिफरन्शियल पुढच्या बाजूने, हाफ-शाफ्ट ओढल्यावर बाहेर येतं. नुसती खात्री करायला एवढी उलाढाल करण्यात अर्थ नाही. त्या गाडीला चाक फिरवून केलेली तपासणी पुरेशी आहे.

वावरातली चाचणी

गाडी चालती असेल तर ओल्या, सपाट, मोकळ्या जागेवर टू-व्हीलमध्ये पहिल्या गिअरला हळू क्लच सोडून पाहा. दोन्ही मागच्या चाकांनी माती उकरली तर एलएसडी किंवा लॉकची शक्यता आहे. एकानेच उकरली तर बहुधा साधं. ही चाचणी लहान ठेवा, कारण एकच चाक बराच वेळ जोरात फिरवत ठेवलं तर स्टार-गिअर जळतात. गाडीच्या मागे आणि बाजूला लहान मुलं, माणसं, जनावरं नाहीत हे आधी बघा.

अॅम्बेसेडरसारख्या गाडीचं एक चाक चिखलात फिरत असेल तर हँडब्रेक हलकासा ओढून बघता येतो. तो दोन्ही मागच्या चाकांना धरतो, त्यामुळे फिरणाऱ्या चाकाला अडथळा होऊन दुसऱ्याला थोडा जास्त जोर मिळतो. जुन्या जीपमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण तिचा ब्रेक प्रॉपेलरवर आहे.

तेल कुठलं घालावं?

ओळख पटवण्याचं रोजच्या वापरातलं सर्वांत मोठं कारण तेल हेच आहे. गॅरेजात ज्याला नव्वद नंबर म्हणतात, ते जीएल-५ दर्जाचं गिअर तेल साध्या डिफरन्शियलला चालतं. चकत्यांच्या किंवा शंकूच्या एलएसडीला मात्र घर्षण जुळवणारं खास मिश्रण असलेलं तेल लागतं. ते नसेल तर चकत्या अडकत-सुटत सरकतात. सावकाश वळताना मागून गुरगुर आणि थरथर येते आणि चकत्या लवकर झिजतात. जुन्या गाडीत अशी थरथर आली की लगेच क्राऊन-पिनियन बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी योग्य तेल घाला, सपाट मैदानात दोन्ही बाजूंना सावकाश इंग्रजी आठच्या आकाराच्या चकरा मारा आणि मग ऐका. तपासणी झाली नसेल आणि तेल बदलणं टाळता येत नसेल, तर एलएसडीला चालणारं जीएल-५ तेल घाला. साध्या डिफरन्शियलला त्याने काही अपाय होत नाही.

खरेदीपूर्वी शेवटचा सल्ला

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून ‘व्हीए’ क्रमांकावर नोंदणी करायचा विचार असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती मूळ रूपात जपलेली आणि मोठा फेरफार न झालेली असावी लागते. अशी गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. एलएसडी मूळचं की नंतरचं हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरतो. शेतीच्या कामाला लावायची जीप या वाटेने नेण्यात मात्र अर्थ नाही.

जुन्या जीपमध्ये साधं डिफरन्शियल निघालं तर तो दोष समजू नका. चारही चाकांचा ड्राइव्ह चालू स्थितीत असेल, टायरला खोल नक्षी असेल आणि चालवणारा क्लच सांभाळून सोडत असेल, तर आसेगावच्या चिखलातली बहुतेक कामं ती करते. फसवणूक होते ती साध्या डिफरन्शियलला एलएसडीची किंमत दिल्यावर, आणि तीही टाळता येते. कुठल्याही एका खुणेवर विसंबू नका. कागद किंवा पाटी, चाकाची तपासणी आणि शक्य असेल तिथे झाकणाआतलं चित्र, यातल्या किमान दोन गोष्टी जुळल्या तरच एलएसडी आहे असं माना, आणि त्यानंतरच जादा पैसे मोजा.